पडलेला बर्फ आणि टिकलेला बर्फ

आपल्याकडे वसंत ऋतू येतो आणि जातो, तो चटकन कळतही नाही. पळस फुलतो, आंब्याचा मोहोर दरवळतो, दुपारी पंखा लावावासा वाटतो आणि घरातलं कुणीतरी म्हणतं, "लागला बाई उन्हाळा!" थंडी आणि उन्हाळा यांच्या दाटीत बिचाऱ्या वसंताला उभं राहायलाही जागा मिळत नाही. हिमाचलात मात्र वसंत चांगला दोन-अडीच महिने मुक्काम ठोकून असतो आणि तो चक्क डोळ्यांनी मोजता येतो. समोरच्या डोंगरावर पांढरं किती उरलं आणि पायथ्याचं हिरवं कुठवर चढलं, हे पाहायचं, की झालं. रोज सकाळी अंगणात उभं राहून हे मोजणारी माणसं तिथे गावोगाव आहेत. त्यांच्यापैकी चार-पाच जणांच्या सहवासात मला काही वर्षांपूर्वी जवळजवळ महिनाभर राहायला मिळालं.

निमित्त सफरचंदांचं होतं. सफरचंदाच्या बागांवर लिहायचं म्हणून मी मार्चच्या अखेरीला शिमल्याहून नारकंड्याच्या वाटेला लागले. शिमल्यापासून नारकंडा साठ-पासष्ट किलोमीटर. जुना हिंदुस्थान-तिबेट रस्ता तो. मार्चमध्ये या रस्त्याने जाताना एक गंमत दिसते. एका वळणावर बुरांशची झाडं लालभडक फुलांनी लगडलेली असतात, गाडी पुढच्या वळणावर डोंगराच्या उत्तर अंगाला शिरते आणि देवदारांच्या बुंध्याशी मळकट बर्फाचे ढीग दिसू लागतात. पुन्हा वळण, पुन्हा ऊन, पुन्हा फुलं. उत्तरेकडच्या उतारांवर ऊन तिरपं आणि थोडाच वेळ पडतं, म्हणून तिथला बर्फ रेंगाळतो. पाच मिनिटांच्या अंतरात दोन ऋतू बघून घ्यावेत!

नारकंडा सुमारे २७०० मीटर उंचीवर आहे. त्याच्या डोक्यावर हाटूचं शिखर, ते ३४०० मीटरच्या आसपास. नारकंड्याहून सतलजच्या बाजूला उतरू लागलं, की कोटगढ-थानेदारचा सफरचंदांचा मुलूख सुरू होतो. १९०४ साली अमेरिकेतून भारतात आलेल्या सॅम्युअल स्टोक्स नावाच्या तरुणाने इथे घर केलं, इथल्याच मुलीशी लग्न केलं, स्वातंत्र्य चळवळीत तुरुंगवास भोगला आणि पुढे तो सत्यानंद झाला. १९१६ च्या सुमारास त्याने अमेरिकेतून 'डेलिशियस' जातीची रोपं आणून इथे लावली. आज वरच्या शिमल्याचा जो काही पैसा आहे, मुलांची शिक्षणं, लग्नं, घरांवरचे रंगीत पत्रे, तो बहुतेक सगळा या झाडांवरून उतरलेला आहे.

मी ज्या घरी उतरले, त्या घराचे मालक शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेले. सगळा गाव त्यांना मास्टरजी म्हणे, मीही तेच म्हणू लागले. आमचं बोलणं अर्थातच हिंदीतून चाले. पहिल्याच सकाळी चहाच्या आधी ते मला अंगणात घेऊन गेले आणि हाटूच्या उतारावरच्या एका घळीकडे बोट दाखवून म्हणाले, "तो रुमाल दिसतो?"

घळीत बर्फाचा एक चौकोनी तुकडा होता. वाळत घातलेल्या रुमालासारखाच. त्यांच्या घरी त्याला रुमालच म्हणतात. दरवर्षी आजूबाजूचा बर्फ वितळून गेल्यावर शेवटी हा तुकडा उरतो. तो कोणत्या दिवशी दिसेनासा होतो, याची नोंद मास्टरजी ऐन तारुण्यापासून करत आले आहेत.

त्यांच्या वह्या पाहण्यासारख्या आहेत. शाळेतल्या हजेरीपटासारख्या लांबट, निळ्या पुठ्ठ्याच्या. तारीख, किमान तापमान, कमाल तापमान, पाऊस, बर्फ किती इंच, वितळवल्यावर पाणी किती, असे रकाने. अंगणात एका सपाट फळीवर पडलेला बर्फ सकाळी साडेआठला फूटपट्टीने मोजायचा. साडेआठला अशासाठी, की सरकारी वेधशाळाही चोवीस तासांचा हिशेब त्याच वेळी बंद करते. मग तो बर्फ डब्यात घालून तंदूरजवळ ठेवायचा आणि झालेलं पाणी मापायचं. (तंदूर म्हणजे आपल्याला ठाऊक असलेली रोटीची भट्टी नव्हे. इकडे घराच्या मधल्या खोलीत लाकडं घालायची पत्र्याची शेगडी असते, तिचं धुराडं छतातून बाहेर काढलेलं असतं, तिला तंदूर म्हणतात. हिवाळाभर सगळं घर तिच्याभोवती बसलेलं असतं.) कोरडा, भुसभुशीत बर्फ दहा इंच पडला तर त्याचं साधारण इंचभर पाणी होतं. ओला, जड बर्फ तेवढंच पाणी पाच-सहा इंचांतच देऊन जातो.

आणि सगळ्यात शेवटचा रकाना होता, 'गई'. म्हणजे अंगणातला बर्फ कधी गेला, रुमाल कधी गेला.

"बाकीचे रकाने सरकारकडेही आहेत," मास्टरजी म्हणाले. "हा फक्त माझ्याकडे आहे. किती पडला हे सगळेच लिहितात, बेटी. किती टिकला हे कोण लिहितो?"

त्या वेळी मला हे म्हाताऱ्या माणसाचं कौतुक वाटलं होतं. पण पुढच्या काही दिवसांत कळत गेलं, की सगळी ग्यानबाची मेख त्या शेवटच्या रकान्यातच आहे.

संध्याकाळी चारच्या सुमारास रस्त्याच्या वळणावरच्या चहाच्या टपरीवर मंडळी जमत. मास्टरजी, एक निवृत्त हवालदार, रामपूरकडे बस नेणारा एक ड्रायव्हर (तो अर्थात आड दिवशी) आणि गावातलीच विज्ञानाची पदवी घेतलेली एक मुलगी. बोलायला विषय एकच, हवा! हवालदारसाहेबांची भिस्त दुर्बिणीवर आणि चंद्रावर. चंद्राला खळं पडलं, की दोन दिवसांत हवा बिघडणार, हा त्यांचा सिद्धांत. आपली आजीही हेच सांगायची, नाही का? आणि त्यात तथ्य आहे. पश्चिमेकडून वादळ यायचं असेल, तर त्याच्या किती तरी पुढे फार उंचावरचे तलम ढग धावत असतात. ते बर्फाच्या बारीक स्फटिकांचे बनलेले असतात आणि त्यांतून चांदणं वळून येताना चंद्राभोवती कडं दिसतं. ड्रायव्हरची बातमी रस्त्याची असे. कुठे दरड आली, कुठे वारा फिरला, वरच्या गावात काय पडलं. मुलीच्या फोनवर उपग्रहाची चित्रं, आणि तिनं घराच्या गच्चीवर एक छोटं तापमान मोजणारं यंत्र बसवलं होतं. २०२१ पासून कुफरीला डॉप्लर रडार आहे, त्याचीही चित्रं ती रोज बघायची. मास्टरजी तिला कौतुकाने 'मौसम विभाग' म्हणत, आणि तिचा अंदाज चुकला की जरा जास्तच कौतुकाने म्हणत.

मी पुण्याची आहे हे ऐकल्यावर मास्टरजींनी टपरीवर जाहीर केलं, "म्हणजे आमचं ऑफिस पळवणारे ते तुम्हीच!"

मला क्षणभर कळेना. मग आठवलं. शिवाजीनगरचा 'सिमला ऑफिस'चा स्टॉप! कॉलेजच्या दिवसांत मी तिथे कितीदा बस बदलली असेल. पुण्याच्या उन्हात शिमला कुठून आलं, असा प्रश्न कधी पडला नव्हता, इतकं ते नाव तोंडात बसलेलं. भारताच्या हवामान खात्याचं मुख्य कार्यालय १९०५ पासून शिमल्याला होतं. १९२८ साली ते पुण्याला आणलं गेलं आणि शिवाजीनगरच्या त्या इमारतीला लोक सिमला ऑफिसच म्हणू लागले. पुढे १९४४ मध्ये मुख्य कार्यालय दिल्लीला गेलं, तरी पुण्यातलं मोठं काम चालूच राहिलं आणि नाव तर कुणीच पुसू शकलं नाही.

पण मास्टरजींना सांगायचं होतं ते वेगळंच. या डोंगरांवर वसंतात उरलेला बर्फ आणि आमच्या महाराष्ट्रातला पाऊस यांची गाठ एका माणसाने सव्वाशे वर्षांहून अधिक काळापूर्वी बांधली होती. हेन्री ब्लॅनफर्ड त्याचं नाव. १८७५ साली हवामान खातं स्थापन झालं तेव्हा तो त्याचा पहिला प्रमुख झाला. लगेच १८७६ ते ७८ चा तो भयंकर दुष्काळ आला, ज्यात दख्खनची गावंच्या गावं उजाड झाली. पाऊस येणार की नाही हे आधी कळेल का, हा प्रश्न तेव्हा सरकारला पडला. ब्लॅनफर्डने जुन्या नोंदी चाळल्या. ज्या वर्षी हिमालयात बर्फ जास्त पडला आणि वसंत सरला तरी रेंगाळला, त्या वर्षी उत्तर हिंदुस्थानात कोरडे वारे वाहिले आणि मोसमी पाऊस हात आखडून आला, असं त्याला दिसलं. १८८४ साली त्याने हे मांडलं आणि ४ जून १८८६ रोजी आपल्या देशातला मोसमी पावसाचा पहिला रीतसर अंदाज निघाला. त्याचा आधार काय, तर डोंगरावर उरलेला बर्फ!

कारणमीमांसा सोपी आहे. ताजा पांढरा बर्फ उन्हाचा ऐंशी टक्क्यांहून अधिक भाग परतवून लावतो. उरलेली उष्णता तो वितळवण्यात खर्ची पडते. म्हणजे जमीन तापायला उशीर, आणि जमीन तापली नाही तर समुद्रावरचे वारे धावत यायला तितकं बळ कुठून येणार? अर्थात निसर्ग इतका सरळ चालत नाही. १८९९ साली अंदाज चांगल्या पावसाचा होता आणि झाला तो छप्पन्नचा दुष्काळ. ब्लॅनफर्डनंतरच्या गिल्बर्ट वॉकर यांनी म्हणूनच नुसत्या बर्फावर विसंबणं सोडून मॉरिशस आणि दक्षिण अमेरिकेतला हवेचा दाब, झांजिबारचा पाऊस असे दूरदूरचे धागे गोळा केले. तरी मे अखेरचा हिमालयातला बर्फ त्यांनी यादीतून काढला नाही. फार कशाला, १९८८ पासून डॉ. वसंत गोवारीकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांचं जे सोळा घटकांचं गणित वापरात आलं, त्यातही हिमालयातला बर्फ हा एक घटक होताच. २००२ च्या दुष्काळाने ते गणित चुकवलं आणि पुढे पद्धती बदलल्या. बर्फाचं आणि पावसाचं नातं दरवर्षी जुळतंच असं नाही, हे आता शास्त्रज्ञ सांगतात. तरीही मला ती कल्पना विलक्षण वाटली. सोलापूर-बीडकडच्या शेतकऱ्याची ज्वारी काय होणार, हे शोधायला कुणीतरी एके काळी शिमल्याहून असेच डोंगर पाहत बसलं होतं.

"मग यंदा रुमाल बघून सांगा, आमच्याकडे पाऊस कसा?" मी विचारलं.

"तुमचा पाऊस तुमच्या ऑफिसला विचारा," मास्टरजी म्हणाले, "मला माझ्या झाडांचं बघू द्या."

तर, झाडांचं. सफरचंदाच्या झाडाला हिवाळ्यात गाढ झोप लागते. ती पुरी झाल्याशिवाय ते धड फुलत नाही. सात अंशांच्या खालची थंडी किती तास मिळाली याचा हिशेब बागवान ठेवतात. 'चिलिंग आवर्स' हा शब्द तिथे अंगठेबहाद्दर म्हाताऱ्यांच्याही तोंडी आहे. रॉयल डेलिशियससारख्या जुन्या जातींना हजार-बाराशे तास तरी लागतात. डिसेंबर-जानेवारीत पडलेला बर्फ जमिनीवर दाबून बसला, की हे तास आपोआप भरतात. तो हळूहळू वितळतो, पाणी थेंबाथेंबाने मुळांपाशी मुरतं, एप्रिलपर्यंत ओल टिकते. बर्फाला तिथे पांढरं खत म्हणतात ते उगीच नाही. त्याउलट मार्च-एप्रिलमधला बर्फ ओला आणि जड. रात्री पडतो, दुपारी वाहून जातो. मुरत नाही, टिकत नाही, आणि जाताना कळ्या आणि फांद्या घेऊन जातो.

वहीत दोघांचीही नोंद इंचांतच होते. वर्षाची बेरीज केली तर एखाद्या वेळी आकडा जुन्या वर्षांच्या जवळपासही जाईल. फरक कळतो तो शेवटच्या रकान्यात. मास्टरजींच्या जुन्या वह्यांत रुमाल जाण्याची तारीख बहुधा मे महिन्यातली आहे. अलीकडच्या वह्यांत ती एप्रिलमध्येच उरकलेली दिसते. मी पानं उलटत होते आणि ते गप्प बसले होते. आपल्याच हस्ताक्षरात आपल्याच मुलखाची अशी घसरण वाचणं सोपं नसणार.

अलीकडची वर्षं तर विचित्रच गेली. २०२१ च्या एप्रिलमध्ये बागा फुलात असताना वरच्या शिमल्यात बर्फ पडला आणि झाडं मोडली. २०२२ चा मार्च देशभरात १९०१ पासूनचा सगळ्यात उष्ण मार्च ठरला. २०२४ चा जानेवारी हिमाचलात जवळजवळ कोरडाच सरला, बर्फ आला तो महिना संपतासंपता. बागवान आता कमी थंडीत भागणाऱ्या गालासारख्या जाती लावू लागले आहेत. सफरचंद स्वतःही डोंगर चढतंय. किन्नौर तर पूर्वीपासूनच होतं, आता लाहौल-स्पितीतही बागा उभ्या राहिल्या आहेत. कोटगढच्या माणसाला हे ऐकताना काय वाटत असेल? कोकणातला हापूस घाटमाथ्यावर छान येतो, असं रत्नागिरीकराला सांगून बघा!

एप्रिलचा दुसरा आठवडा लागला. कळ्या गुलाबी झाल्या. या अवस्थेला सगळे 'पिंक बड' म्हणतात आणि ते म्हणताना आवाज थोडा खाली येतो, जसा घरात दिवस भरलेली बाई असताना येतो. मास्टरजींची आदली दोन वर्षं तोट्यात गेली होती. एकदा गारांनी, एकदा फळच कमी धरलं म्हणून. अडत्याची उचल फिरायची होती. नातीला चंदीगडला नर्सिंगला घालायचं चाललं होतं. हे मला त्यांच्या पत्नीने सांगितलं, सिड्डूचं पीठ मळता मळता. मास्टरजी अशा गोष्टी बोलत नसत.

त्या सोमवारी टपरीवर वाद झाला. पश्चिमेकडून मोठा 'वेस्टर्न डिस्टर्बन्स' येतोय, हे मौसम विभागाने फोनवर दाखवलं. अफगाणिस्तानावर ढगांचा पांढरा पट्टा. भूमध्य समुद्राकडून निघालेली ही वादळंच इथल्या हिवाळ्याला पाऊस आणि बर्फ देतात. येणार यात शंका नव्हती, हवालदारसाहेबांनी खळंही पाहिलं होतं. प्रश्न होता काय येणार, गारा की बर्फ?

हा प्रश्न पुस्तकी नव्हता. गारांपासून वाचवायला बागांवर जाळ्या ताणतात. गारा पडणार असतील तर जाळी हवीच. पण ओला बर्फ पडला, तर तोच बर्फ जाळीवर साठतो आणि जाळी, खांब, फांद्या सगळं घेऊन खाली बसतो. २०२१ ला किती तरी बागांत हेच झालं. म्हणजे जाळी ठेवली आणि बर्फ आला तर झाड जाणार, जाळी काढली आणि गारा आल्या तर कळी जाणार. ठरवायला हातात एक दुपार.

मुलीचं म्हणणं, वरची हवा थंड होतेय, आपल्या उंचीवर बर्फच पडेल. ड्रायव्हर म्हणाला, खाली रामपूरला उकडतंय, एवढ्या उकाड्यावर गाराच येणार. हवालदारांनी दोन्हींची शक्यता सांगितली आणि सगळे त्यांच्यावर वैतागले. मास्टरजी काहीच न बोलता घरी आले.

घरात शिरलो तर खोलीत धूर कोंडलेला. पत्नी म्हणाली, "सकाळपासून तंदूर ओढत नाहीये. धूर खाली बसतोय. माझं ऐका, जाळी उतरवा."

मास्टरजींनी विज्ञान शिकवण्यात आयुष्य घालवलं होतं. त्यांनी थर्मामीटर पाहिला, वायुभारमापक पाहिला, मुलीला फोन करून पुन्हा एकदा तिच्या गच्चीवरचं तापमान विचारलं. मग म्हणाले, "चला, उतरवू." नेमकं कुणाचं ऐकलं, ते काही त्यांनी सांगितलं नाही. तिघांनी आणि दोन नेपाळी मजुरांनी मिळून अंधार पडेपर्यंत जाळ्या गुंडाळल्या. शेजारच्या बागेतल्या जाळ्या मात्र तशाच राहिल्या. आदल्या वर्षी गारांनी त्या शेजाऱ्याचं सगळं नेलं होतं, त्याची भीती वेगळी होती.

रात्री आठला पाऊस सुरू झाला. पत्र्यावर तडतड चालू होती. मी पांघरुणात पडल्या पडल्या प्रत्येक थेंब जरा जड वाजला की दचकत होते. साडेअकराच्या सुमारास आवाज एकदम थांबला. मला वाटलं, पाऊस थांबला, सुटलो. तेवढ्यात बाहेरच्या खोलीत दिवा लागला आणि मास्टरजी गमबूट चढवताना दिसले. "बर्फ," ते म्हणाले. पाऊस वाजतो, बर्फ वाजत नाही. पत्रा गप्प झाला की डोंगरातला माणूस जागा होतो.

मग पहाटेपर्यंत आम्ही बागेत होतो. लांब बांबूंना टोकाशी चिंध्या बांधलेल्या. फांदीला खालून हलकेच टेकू द्यायचा आणि झटका न देता हलवायचं. झटका दिला तर कळ्या गळतात. बर्फ ओल्या कणकेसारखा धप्पकन पडायचा, बहुधा मानेवर. मी टॉर्च धरायचं काम केलं, तेही धड जमत नव्हतं. बोटं बधिर झालेली. टॉर्चच्या उजेडात गुलाबी कळ्यांवर बर्फाच्या टोप्या दिसत होत्या. फोटोत ते फार सुंदर आलं असतं. तिथे मात्र कॅमेरा काढायची कुणाची छाती नव्हती.

खालच्या बांधाकडून एकदा मोठ्ठा कडकड आवाज आला. मग पुन्हा एक. शेजाऱ्याचे खांब वाकत होते. मास्टरजी हातातला बांबू घेऊन तसेच तिकडे गेले. त्यांच्या मागोमाग मजूरही गेले. आमच्या बागेच्या दोन ओळी बाकी होत्या, त्या त्यांच्या पत्नीने आणि मी जमेल तशा झाडल्या.

साडेआठला मास्टरजींनी फळीवर पट्टी उभी केली. पाच इंच. किमान तापमान उणे अर्ध्या अंशावर थांबलं होतं. ढगांचं पांघरूण होतं म्हणून निभावलं. कळी गुलाबी असताना पारा शून्याखाली दोन अंशांवर गेला की नुकसान सुरू होतं, चारवर गेला की जवळजवळ सगळंच संपतं. म्हणून खरी भीती दुसऱ्या रात्रीची, आभाळ निवळल्यावरची. त्या रात्री बागाबागांत ओला पालापाचोळा पेटवून धूर केला. सबंध दरी धुराने भरली. पारा उणे एकच्या आसपास खेळला आणि उजाडलं.

कळ्या बऱ्याचशा वाचल्या. पण पुढचे पाच-सहा दिवस थंडी हटेना आणि बारा-तेरा अंशांच्या खाली मधमाशी फारशी पोळ्याबाहेर पडत नाही. फुलं उमलली, बागा भरून गेल्या, आणि माश्या आत बसून. मास्टरजी पेट्यांपाशी जाऊन कान लावत. आत गुणगुण होती, बाहेर कुणी येत नव्हतं. शेजाऱ्याची वीसेक झाडं मुळाशी फाटली होती. बारा-पंधरा वर्षांची झाडं. तो फाटलेल्या खोडांना सुतळी आणि पट्ट्या बांधत होता, कधी कधी जुळतातही म्हणे.

टपरीवर पुन्हा मंडळी बसली तेव्हा मुलीचा अंदाज खरा ठरल्याचं कुणी बोललं नाही, तिनेही नाही. वाद झाला तो वेगळ्याच गोष्टीवर. त्या बर्फाने हाटूवरचा रुमाल एकदम चादरीएवढा झाला होता. चार दिवसांत चादर विरली आणि खालून जुना, राखाडी पडलेला तुकडा पुन्हा डोकावला, आधीपेक्षा लहान. आठवड्याने तोही दिसेना. पण घळीच्या दुसऱ्या कडेला एप्रिलच्या बर्फाचा एक ओरखडा मात्र अजून दिसत होता. मग रुमाल गेला असं म्हणायचं की नाही?

मुलगी म्हणाली, "बर्फ तो बर्फ. दिसतोय म्हणजे आहे." मास्टरजी म्हणाले, "तो जानेवारीचा होता. हा परवाचा आहे. परवाच्या बर्फाने काय मुळं भिजली?" हवालदारसाहेबांनी दुर्बीण लावून दोघांनाही बरोबर ठरवलं आणि पुन्हा बोलणी खाल्ली.

मी त्यानंतर दोन दिवसांनी निघाले. ऑगस्टमध्ये मास्टरजींचा फोन आला. पीक अर्ध्याच्या थोडं वर गेलं होतं, भाव बरा मिळाला होता. नातीचा प्रवेश झाला. शेजाऱ्याची सहा झाडं जुळली. मी रुमालाचं विचारलं, तर ते हसले. त्या वर्षीच्या शेवटच्या रकान्यात दोन तारखा आहेत, म्हणाले. शाईने लिहिलेली त्यांची आणि खाली पेन्सिलने मौसम विभागाची. दोन्हींमध्ये अकरा दिवसांचं अंतर आहे.